प्रायॉनचं जनुक गाईत १३व्या, म्हशीत १४व्या आणि माणसात २०व्या गुणसूत्रावर कसं?

प्रश्न पशुवैद्यक शाखेच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा आहे. प्रायॉन रोगांवर वाचन करताना तिला एक तक्ता मिळाला. त्यात पीआरएनपी हे जनुक माणसात २०व्या गुणसूत्रावर, उंदरात २ऱ्या, गाय, मेंढी आणि शेळीत १३व्या, म्हशीत १४व्या, डुकरात १७व्या, घोड्यात २२व्या, कुत्र्यात २४व्या आणि मांजरात ए३ या गुणसूत्रावर दाखवलं आहे. तिचे तीन प्रश्न आहेत. जनुक एकच, तर आकडे इतके वेगळे का? एका प्राण्यात जागा सापडली की दुसऱ्या प्राण्यात ती कशी शोधतात? आणि जागा कळली म्हणजे रोगाचं कारण कळलं असं म्हणता येतं का?

आधी थोडक्यात उत्तर देतो. आकड्याला फारसा अर्थ नाही. जनुकाच्या आजूबाजूला कोणती जनुकं आहेत, याला अर्थ आहे. आणि जागा कळली म्हणून कारण कळलं, असं होत नाही. याच जनुकाच्या बाबतीत या दोन गोष्टींमध्ये बारा वर्षं गेली.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. मेंढ्यांतला स्क्रेपी, गाईंतला बीएसई (वर्तमानपत्रांतला 'मॅड काऊ'), हरणांतला क्रॉनिक वेस्टिंग, माणसांतला क्रॉइट्सफेल्ड-याकोब आणि पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांतला कुरू हे सगळे एकाच घराण्याचे रोग आहेत. मेंदूतलं एक साधं प्रथिन चुकीच्या घडीत वळतं आणि आपल्यासारख्याच इतर रेणूंनाही तशाच घडीत ओढतं. अशा बिघडलेल्या प्रथिनालाच प्रायॉन म्हणतात. ही कल्पना मांडणाऱ्या स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. भारतात हा विषय अगदी परका नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत स्क्रेपी आढळल्याची नोंद १९६१ मध्येच प्रसिद्ध झाली होती. पीआरएनपी म्हणजे या साध्या प्रथिनाचं जनुक. ते निरोगी प्राण्यातही असतं, ही गोष्ट पुढच्या सगळ्या कथेचा पाया आहे.

आता आकड्यांकडे वळू. गुणसूत्रांना क्रमांक दिले गेले ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून, साधारण लांबीच्या क्रमाने. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावून हजेरीचे क्रमांक द्यावेत तसे. माणसाच्या रांगेत तर चूकही झालेली आहे. २१वं गुणसूत्र २२व्यापेक्षा लहान आहे, पण ते कळेपर्यंत डाऊन सिंड्रोमशी २१ हा आकडा जोडला गेला होता, म्हणून तसाच ठेवला. प्रत्येक प्रजातीची रांग वेगळी लावलेली असल्याने माणसाचा २० आणि गाईचा २० यांचा एकमेकांशी संबंध असण्याचं काही कारण नाही.

गाय आणि म्हैस यांचं उदाहरण कागदावर सोडवून पाहण्यासारखं आहे. गाईत ६० गुणसूत्रं असतात. लिंगगुणसूत्रं सोडली तर २९ जोड्या, आणि त्या सगळ्या एकाच टोकाला सेंट्रोमियर (गुणसूत्राचा गाठीसारखा आवळलेला भाग) असलेल्या. नदी-म्हशीत ५० असतात. आपल्याकडच्या पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी या म्हशी याच गटातल्या. आसामकडची दलदली म्हैस वेगळी, तिच्यात ४८. म्हशीची पहिली पाच गुणसूत्रं म्हणजे गाईच्या दोन-दोन गुणसूत्रांची टोकाला टोक लागून झालेली जोडणी: १ आणि २७, २ आणि २३, ८ आणि १९, ५ आणि २८, १६ आणि २९. ही दोन भुजांची पाच गुणसूत्रं आधी मोजायची आणि उरलेल्यांना सहापासून पुढे क्रमांक द्यायचे, असा संकेत ठरला. आता मोजा. गाईच्या १३व्याच्या आधी बारा आहेत, त्यांतली १, २, ५, ८ जोडणीत गेली, उरली आठ. पाच अधिक आठ म्हणजे तेरा, आणि पुढचं चौदावं. गाईचं १३वं ते म्हशीचं १४वं. गुणसूत्र तेच आहे, जनुकही तिथंच आहे, फक्त रांगेतला नंबर एकाने सरकला.

मेंढीतही तीन जोडण्या झाल्या आहेत (गाईच्या भाषेत १ आणि ३, २ आणि ८, ५ आणि ११), म्हणून तिची गुणसूत्रं ५४. तरी पीआरएनपी तिथे १३व्यावरच आहे. यावरून 'मेंढी गाईच्या जास्त जवळची' असा अर्थ काढलेला मी वाचलेला आहे. तसं काही नाही. मेंढीच्या रांगेत गाईचं १९वं ११व्या जागी आलं, १६वं १२व्या जागी आलं आणि १३वं पुन्हा १३व्याच जागी आलं. हा योगायोग आहे, त्यात उत्क्रांती शोधू नका. आणि आकड्यांवरचा विश्वास पुरता उडवायचा असेल तर आपल्या सह्याद्रीतलं भेकर घ्या. मादीत ६ गुणसूत्रं, नरात ७. तिथे 'कितव्या गुणसूत्रावर' या प्रश्नाला जवळपास काहीच अर्थ उरत नाही, कारण प्रत्येक गुणसूत्रात इतर प्राण्यांची कितीतरी गुणसूत्रं सलग जोडली गेली आहेत. जनुकं मात्र सगळी आहेत आणि त्यांचे शेजारीही बऱ्याच ठिकाणी तेच आहेत.

म्हणून तुलनात्मक नकाशात आम्ही आकडे जुळवत नाही, तुकडे जुळवतो. माणूस आणि उंदीर यांचे पूर्वज वेगळे होऊन सुमारे नऊ कोटी वर्षं झाली. या काळात गुणसूत्रं तुटली, जुळली, उलटी झाली, पण मोठमोठे तुकडे जसेच्या तसे राहिले. १९८४ मध्ये नॅडो आणि टेलर यांनी मोजक्या जनुकांच्या नकाशावरून अंदाज बांधला होता की माणूस आणि उंदीर यांच्यात अशा १७८च्या आसपास उलथापालथी झाल्या असाव्यात. जीनोम (प्राण्याच्या संपूर्ण डीएनएचा क्रम) हाती नसताना केलेला तो हिशेब पुढे बऱ्यापैकी खरा ठरला. मानवी २०वं गुणसूत्र हे अशा टिकून राहिलेल्या तुकड्याचं नमुनेदार उदाहरण आहे. उंदरात ते सगळंच्या सगळं २ऱ्या गुणसूत्रात सामावलेलं आहे, आतली क्रमवारी थोडी उलटसुलट झाली आहे एवढंच. गाईत ते १३व्यात आहे, सोबत मानवी १०व्याचा एक तुकडा. तक्त्यातल्या इतर प्राण्यांतही हा तुकडा फारसा फुटलेला नाही. म्हणजे विद्यार्थिनीच्या तक्त्यातल्या सगळ्या वेगवेगळ्या आकड्यांमागे एकच गोष्ट आहे: मानवी २०वं गुणसूत्र ज्या वंशात जिथे गेलं, तिथे पीआरएनपी गेलं.

हे शोधलं कसं, ते सविस्तर सांगतो, कारण आजची मुलं थेट संगणकावर जनुक शोधतात आणि पुराव्याची घडण त्यांना दिसत नाही.

१९८५ मध्ये स्क्रेपी झालेल्या हॅमस्टर आणि उंदरांच्या मेंदूंतून या प्रथिनाची सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) वेगळी करण्यात यश आलं आणि लक्षात आलं की जनुक कुठल्या विषाणूचं नाही, यजमानाचं स्वतःचं आहे. लगेच पुढचा प्रश्न आला: ते कुठे आहे? १९८६ मध्ये स्पार्क्स आणि सहकाऱ्यांनी माणूस आणि उंदीर या दोघांतल्या जागा एकाच शोधनिबंधात दिल्या: माणसात २०व्याची आखूड भुजा, उंदरात २रं गुणसूत्र. शोधनिबंधाच्या शीर्षकातच ही गुणसूत्रं 'समजात', म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेली, असल्याचं म्हटलं होतं.

मानवी गुणसूत्र ठरवण्याची तेव्हाची मुख्य पद्धत म्हणजे संकरित पेशींचा संच. मानवी पांढऱ्या पेशी आणि एखादं एन्झाइम नसलेल्या उंदराच्या किंवा हॅमस्टरच्या पेशी एकमेकींत मिसळवायच्या, आणि हॅट नावाच्या माध्यमात वाढवायच्या. त्या माध्यमात उंदराची एकटी पेशी मरते, मानवी पांढरी पेशी वाढत नाही; दोघींची मिळून झालेली पेशीच तेवढी टिकते. मग एक सोयीची गोष्ट घडते. अशी पेशी विभागता विभागता मानवी गुणसूत्रं एकेक करून टाकून देते, आणि कुठली टाकणार याचा नियम नसतो. त्यामुळे वीस-पंचवीस वेगवेगळ्या पेशीवंशांत मानवी गुणसूत्रांचे वीस-पंचवीस वेगवेगळे संच उरतात. प्रत्येकीचा डीएनए कापून सदर्न ब्लॉट करायचा, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून त्यांत हवं ते जनुक शोधायचं, आणि मानवी जनुकाची पट्टी कुठे दिसते, कुठे नाही ते पाहायचं. उंदराच्या जनुकाचीही पट्टी उमटते, पण ती वेगळ्या लांबीवर, म्हणून गोंधळ होत नाही. ज्या पेशीवंशांत २०वं आहे त्या सगळ्यांत पट्टी आहे आणि ज्यांत ते नाही त्यांत कुठेही नाही, असं दिसलं की जागा ठरली. एखाद्या पेशीवंशात विसंगती आली तर तिच्यात गुणसूत्राचा तुटका तुकडा राहिलेला असण्याची शक्यता असते. चांगला संशोधक अशी विसंगती टाकून देत नाही. पुष्कळदा तीच गुणसूत्राची नेमकी भुजा सांगते.

गाईत हीच पद्धत वापरायला गेलं की एक गंमत होते. गाईची सगळीच गुणसूत्रं दिसायला सारखी, एका टोकाची. उंदराचीही तशीच. संकरित पेशीत नेमकं गाईचं कुठलं गुणसूत्र उरलं आहे, ते सूक्ष्मदर्शकाखाली खात्रीने सांगणं अवघड. टेक्सासमध्ये जेम्स वोमॅक यांच्या गटाने यावर व्यवहारी मार्ग काढला. गुणसूत्राचं नाव विसरा. जी जनुकं नेहमी एकत्र राहतात किंवा एकत्र गायब होतात, त्यांचा एक गट करा. या गटांना यू१, यू२ अशी नावं दिली. गुणसूत्राचा क्रमांक माहीत नसताना केलेला हा नकाशा मला आजही सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात फक्त शेजार नोंदला आहे. १९९३ मध्ये रायन आणि वोमॅक यांनी गाईचं पीआरएनपी यू११ गटात बसवलं. यू११ म्हणजे १३वं गुणसूत्र, हे जोडणीचं काम वेगळ्या पुराव्यावरून झालं.

म्हशीचा पुरावा इटलीतून आला, आणि यात नवल नाही. मोझरेल्ला चीज म्हशीच्या दुधाचं, त्यामुळे नेपल्सच्या परिसरात म्हशीचं गुणसूत्रशास्त्र चांगलं रुजलं. लिओपोल्डो यान्नुत्सी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गाय, म्हैस, मेंढी आणि शेळी या चौघींच्या गुणसूत्रांवर फिश पद्धतीने हे जनुक प्रत्यक्ष दाखवलं. चार प्रजाती एकाच अभ्यासात असल्याने गुणसूत्रं रंगवल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यांची तुलना थेट करता आली.

फिश म्हणजे जनुकाच्या डीएनएचा चमकणारा तुकडा गुणसूत्रावर चिकटवून जागा बघणं. विद्यार्थिनीला हे स्वतः करायचं असेल तर काही गोष्टी पुस्तकात एका ओळीत उरकलेल्या असतात, त्या इथे सांगतो. रक्त हेपॅरिनच्या नळीत घ्या, ईडीटीएत नको. पेशी वाढवायच्या आहेत. म्हशीचं रक्त गोठ्यातून प्रयोगशाळेत येईपर्यंत उन्हात राहिलं की पुढचं सगळं वाया जातं. फायटोहिमॅग्लुटिनिन घालून पेशी वाढवायच्या, शेवटी कोल्सेमिड, मग पोटॅशियम क्लोराइडचं सौम्य द्रावण, मग मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्ल ३:१. पट्ट्यांसाठी शेवटच्या तासांत ब्रोमोडीऑक्सियुरिडिन दिलं तर आर-पट्ट्या येतात आणि त्याच स्लाइडवर चमकही बघता येते. आधी जी-पट्ट्या करून फोटो काढणं आणि मग तीच पेशी पुन्हा शोधत बसणं टळतं. प्रोबसाठी, म्हणजे त्या चमकणाऱ्या तुकड्यासाठी, सीडीएनए चालेल असं समजू नका. पीआरएनपीचा सांकेतिक भाग (ज्यावरून प्रथिन बनतं तो) ८०० बेसपेक्षाही, म्हणजे डीएनएच्या ८०० अक्षरांपेक्षाही, कमी आहे. एवढ्या छोट्या तुकड्याची चमक दिसणं मुश्कील. लाख-दीड लाख बेसचा बीएसी क्लोन (जीवाणूत वाढवलेला डीएनएचा मोठा तुकडा) घ्या. त्यात पुनरावृत्त क्रम भरपूर असतात, म्हणून ते झाकणारा कॉट-१ डीएनए पुरेसा घाला, नाहीतर प्रत्येक सेंट्रोमियर उजळेल आणि तुम्हाला वाटेल की प्रयोग फारच छान झाला. खरी खूण म्हणजे गुणसूत्राच्या दोन्ही भगिनी-सूत्रांवर (जुळ्या प्रतींवर) एकाच उंचीवर एकेक ठिपका, आणि तो जोडीतल्या दोन्ही गुणसूत्रांवर. असं पंचवीस-तीस पेशींत दिसू द्या, मगच जागा लिहा.

गाईचा बीएसी म्हशीवर, मेंढीवर, शेळीवर नीट चिकटतो. माणसाचा बीएसी गाईवर चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी संपूर्ण गुणसूत्राचा रंग वापरतात. मानवी २०व्याचा रंग गाईच्या गुणसूत्रांवर टाकला की १३वं उजळतं. त्यातून तुकडा कळतो, जनुक नाही. साध्या फिशचीही मर्यादा आहे. मेटाफेज (विभागणीच्या वेळच्या आखडलेल्या) गुणसूत्रावर २०-३० लाख बेसपेक्षा जवळचे दोन ठिपके एकच दिसतात.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. मला यातला सगळ्यांत रसाळ भाग हाच वाटतो.

उंदराच्या नकाशाला रोगाच्या बाजूने एक वेगळा इतिहास होता. एडिनबराचे ॲलन डिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की स्क्रेपी टोचल्यावर उंदीर किती दिवसांनी आजारी पडतो हे बहुतांशी एका जनुकावर ठरतं. त्यांनी त्याला सिंक नाव दिलं. ते काय करतं, कुठलं प्रथिन बनवतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. १९८६ मध्ये कार्लसन आणि प्रुसिनर यांच्या गटाने दोन जातींचे उंदीर घेतले. एनझेडडब्ल्यू जातीचा उंदीर सुमारे ११३ दिवसांत आजारी पडे, तर आय/एलएन जातीच्या उंदराला दोनशेहून अधिक दिवस लागत. संकर करून त्यांनी पाहिलं की लांबलेला काळ आणि प्रायॉन जनुकाचा विशिष्ट प्रकार पिलांत बरोबरच उतरतात. म्हणजे २ऱ्या गुणसूत्रावर दोन गोष्टी एकमेकींना खेटून होत्या. पुढच्याच वर्षी कळलं की या दोन जातींच्या प्रथिनांत १०८व्या आणि १८९व्या जागी दोन अमिनो आम्लांचा फरक आहे.

इतकं झाल्यावर आपण म्हणू, संपला विषय. पण संपला नव्हता. खेटून असणं म्हणजे एकच असणं नव्हे. संकरातून मिळणारी विभागणी एवढी बारीक नसते. तिथे शेजारचं दुसरं जनुकही असू शकत होतं. त्यात भर म्हणजे लांब काळाचा प्रकार जादा प्रतींनी उंदरात घातला, तर काळ लांबण्याऐवजी कमी झाला! प्रथिनच जास्त तयार झाल्याने असं झालं हे नंतर उमगलं, पण काही वर्षं शंका खरी होती. १९९८ मध्ये एडिनबराच्या मूर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या स्वतःच्या जनुकात, त्याच्या मूळ जागी, फक्त ते दोन अमिनो आम्लांचे बदल घडवले. बाकी काहीच बदललं नाही, आणि काळ बदलला. तेव्हा कुठे म्हणता आलं की सिंक आणि पीआरएनपी एकच. नकाशा १९८६चा, सिद्धता १९९८ची.

शेजारचं जनुक ही शंका उगाच नव्हती, याचा दाखला याच भागात मिळाला. १९९२ मध्ये झुरिकमध्ये प्रायॉन जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले. ते ठीक जगले आणि पुढे स्क्रेपीलाही बळी पडले नाहीत. पण १९९६ मध्ये नागासाकीत जनुक काढलेल्या दुसऱ्या वंशात म्हातारपणी उंदरांचा तोल जाऊ लागला, लहान मेंदूतल्या पुर्किन्ये पेशी नष्ट झालेल्या दिसल्या. एकाच जनुकाचा अभाव, दोन निकाल. उत्तर १९९९ मध्ये मिळालं. उंदरात पीआरएनपीच्या सुमारे १६ हजार बेस पुढे पीआरएनडी हे त्याचंच भावंड असलेलं जनुक आहे. त्याच्या प्रथिनाला डॉपेल म्हणतात. नागासाकीत जनुक कापताना जो भाग गेला, त्यामुळे पीआरएनपीचा चालक (जनुक सुरू करणारा भाग) थेट या शेजाऱ्याला लागला आणि जे प्रथिन प्रौढ मेंदूत जवळपास नसायला हवं, ते तिथे तयार होऊ लागलं. आसपासचा क्रम वाचला नसता, तर 'प्रायॉन प्रथिन नसलं की पुर्किन्ये पेशी मरतात' हे वाक्य पाठ्यपुस्तकात गेलं असतं.

मेंढ्यांत वाट थोडी सोपी होती. तिथल्या अशाच एका जनुकाला सिप म्हणत, आणि ते पीआरएनपीच असल्याचा पुरावा १९८९ पासून जमत गेला. १३६, १५४ आणि १७१ या तीन जागांवर काय आहे त्यावरून आज मेंढी निवडतात. तिथल्या अमिनो आम्लांची अक्षरं क्रमाने व्हीआरक्यू असतील तर धोका जास्त, एआरआर असतील तर नेहमीच्या स्क्रेपीला चांगला विरोध. ब्रिटनमध्ये २००१ पासून याच आधारावर मेंढे निवडण्याची राष्ट्रीय योजना चालली. मात्र १९९८ मध्ये नॉर्वेत सापडलेला वेगळ्या प्रकारचा स्क्रेपी एआरआर मेंढ्यांनाही होतो. गाईत प्रथिनात फरक फारच कमी. तिथे बीएसईशी संबंध दिसला तो चालक भागातल्या २३ बेसच्या आणि पहिल्या इंट्रॉनमधल्या (प्रथिन बनण्याआधी गळणाऱ्या भागातल्या) १२ बेसच्या कमी-जास्तीचा. कुत्र्यात जनुक जागेवर आहे, शेजारी आहेत, पण नैसर्गिक प्रायॉन रोग नाही. त्याच्या प्रथिनात १६३व्या जागी बसलेलं आम्ल याला बरंचसं कारण आहे. मांजराला मात्र ब्रिटनमध्ये १९९० मध्ये हा रोग झालेला दिसला. नकाशा कुत्रा आणि मांजर यांत काहीच फरक दाखवत नाही.

आता प्रत्यक्ष काम. नव्या प्रजातीत पीआरएनपी शोधायचं असेल तर मी असं करायला सांगतो. गाईच्या किंवा मेंढीच्या प्रथिनाचा क्रम घ्या, नव्या जीनोमवर टीब्लास्टएन (प्रथिनाशी जुळणारा डीएनए शोधणारा संगणक-प्रोग्रॅम) चालवा. जे सापडेल ते उलट गाईच्या जीनोमवर शोधा. पहिला निकाल पीआरएनपीच आला पाहिजे. मग दोन्ही बाजूंचे शेजारी तपासा. माणसात पीआरएनपी २०व्या गुणसूत्रावर सुमारे ४६ लाख ९० हजाराव्या बेसपाशी आहे. त्याच्या एका बाजूला एसएमओएक्स आणि एडीआरए१डी, दुसऱ्या बाजूला पीआरएनडी, मग आरएएसएसएफ२ आणि एसएलसी२३ए२. यांतले निदान दोन शेजारी एकेका बाजूला दिसले तर जागा खरी.

शेजारी का तपासायचे, हे उत्तर अमेरिकेच्या हरणांनी शिकवलं. म्यूल हरणात आणि काही पांढऱ्या शेपटीच्या हरणांत पीआरएनपीची एक खोटी प्रत जीनोममध्ये दुसरीकडे जाऊन बसली आहे. आरएनएची उलट नक्कल होऊन ती बनली, म्हणून तिच्यात इंट्रॉन नाहीत. खऱ्या जनुकाचाही सगळा सांकेतिक भाग एकाच एक्सॉनमध्ये (न गळणाऱ्या सलग भागात) असतो, त्यामुळे नेहमीचे पीसीआर प्रायमर (जनुकाच्या प्रती वाढवायला वापरतात ते डीएनएचे छोटे तुकडे) दोन्ही प्रती वाढवतात आणि एकाच हरणात तीन-चार प्रकार सापडल्यासारखे वाटतात. क्रॉनिक वेस्टिंगच्या अभ्यासात यामुळे गोंधळ झाला. उपाय असा की एक प्रायमर इंट्रॉनमध्ये ठेवा. खोट्या प्रतीला तो लागूच शकत नाही.

दुसरा सापळा संगणकाचा आहे आणि आजच्या प्रबंधांत तोच जास्त दिसतो. एखाद्या प्राण्याचा जीनोम जर गाईच्या जीनोमला टेकवून, तुकडे त्या क्रमाने लावून बांधला असेल, तर 'या प्राण्यातही गाईसारखाच क्रम आहे' हा निष्कर्ष नाही. ते तुम्हीच आत घातलेलं गृहीतक आहे. जीनोम कसा बांधला हे आधी वाचा. डीएनएचं लांब वाचन आणि हाय-सी (गुणसूत्रात कोणते तुकडे जवळ आहेत ते सांगणारी पद्धत) यांवर स्वतंत्रपणे उभा केलेला जीनोम असेल तर त्याची साक्ष धरा. नसेल तर फिश करा. जुनी पद्धत अजून कामाची आहे ती इथे.

तिसरा सापळा कोडॉनच्या, म्हणजे प्रथिनातल्या अमिनो आम्लांच्या जागांच्या, आकड्यांचा, आणि तो गुणसूत्रांच्या आकड्यांसारखाच फसवतो. माणसात या जनुकाची २५३ अमिनो आम्लं, मेंढीत २५६, गाईत बहुधा २६४. गाईत आठ आम्लांची एक पुनरावृत्ती जादा आहे आणि तीन आम्लं इतर किरकोळ भरीची. म्हणून माणसातली २००वी जागा म्हणजे गाईतली २११वी. २००६ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात बीएसई झालेल्या एका गाईत २११व्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसिन सापडलं. माणसात आनुवंशिक क्रॉइट्सफेल्ड-याकोबचं सगळ्यांत जास्त आढळणारं उत्परिवर्तन २००व्या जागी नेमकं हेच. आकडे बघून तुलना केली असती तर हे साम्य हातातून निसटलं असतं. तसंच एल्क हरणाची १३२वी जागा म्हणजे माणसाची सुप्रसिद्ध १२९वी. दोन प्रजातींचे कोडॉन शेजारीशेजारी लिहिण्याआधी प्रथिनांचे क्रम एकाखाली एक लावून बघा.

तक्ता बनवताना प्रत्येक प्राण्यापुढे चार गोष्टी द्या: गुणसूत्र आणि पट्टी, जीनोमची आवृत्ती आणि तिच्यातली जागा, दोन्ही बाजूंचे शेजारी, आणि हा पुरावा कोणत्या पद्धतीचा आहे. जुन्या शोधनिबंधातून गाईच्या छोट्या गुणसूत्रांचे क्रमांक उचलणार असाल तर जपून. १९९०च्या दशकापर्यंत त्यांतल्या काहींवर वेगवेगळ्या प्रयोगशाळांचं एकमत नव्हतं, म्हणून क्रमांकाऐवजी त्यावरचं ओळखीचं जनुक बघून खात्री करा. १३व्याच्या बाबतीत ती अडचण नाही. गाईसाठी एआरएस-यूसीडी १.२ आणि नदी-म्हशीसाठी यूओए_डब्ल्यूबी_१ या आवृत्त्यांपासून सुरुवात करता येईल. दोन्ही लांब वाचनांवर बांधलेल्या आहेत. आपल्या म्हशींवर काम करणार असाल तर यूओए_डब्ल्यूबी_१ भूमध्य सागरी म्हशीची आहे हे प्रबंधात नोंदवा, आणि प्रायमर मागवण्याआधी पंढरपुरी किंवा मुऱ्हा म्हशीच्या दोन-चार नमुन्यांत तो भाग वाचून घ्या.